मॅनिकिनचा घसा किती खरा?

एक साधी चाचणी आहे. स्किल लॅबमधल्या मॅनिकिनची, म्हणजे सरावाच्या पुतळ्याची, हनुवटी छातीकडे झुकवा, नाकातोंडावर मास्क नीट धरा आणि अंबू बॅग (हाताने दाबून हवा द्यायची पिशवी) दाबा. छाती वर आली, तर या मॅनिकिनवर मास्क-बॅगचा सराव करणारा विद्यार्थी एक चुकीची गोष्ट शिकून बाहेर पडणार आहे. बेशुद्ध माणसाची मान अशी पुढे वाकलेली असली की जीभ आणि मऊ टाळू घशाच्या मागच्या भिंतीला टेकतात आणि वाट बंद होते. मग बॅग कितीही दाबा, हवा मास्कच्या कडेने सुटते किंवा पोटात शिरते. डोकं मागे, हनुवटी वर, जबडा पुढे ही सगळी खटपट त्यासाठीच असते. ती न करताही ज्या मॅनिकिनला श्वास मिळतो ते दिसायला कितीही हुबेहूब असो, या कामापुरतं खोटं आहे.

म्हणून ‘हे मॅनिकिन किती खरं?’ या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही. कोणत्या कामासाठी, हे आधी विचारावं लागतं. त्वचेचा रंग, उघडझाप करणारे डोळे, मनगटाला लागणारी नाडी यांचा घशाच्या सरावाशी फारसा संबंध नसतो. भारीतल्या, संगणकावर चालणाऱ्या पुतळ्याचा घसा साध्या डोक्यापेक्षा जास्त खरा असेलच, असंही नाही.

काम काय, आणि आत असतं काय

ज्याला स्वतःहून श्वास घेता येत नाही किंवा घशाची वाट उघडी ठेवता येत नाही, अशाच्या फुप्फुसांपर्यंत प्राणवायू पोचवणं हे मूळ काम. भूल दिलेला रुग्ण, डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेला, हृदय बंद पडलेला, सगळ्यांना ते लागतं. सुरुवात हाताने घसा मोकळा करण्यापासून होते. मग मास्क आणि बॅग, जोडीला तोंडातून घालायचा गुडेल एअरवे किंवा नाकातून घालायची मऊ नळी. त्यापुढे स्वरयंत्राच्या तोंडावर बसणारी एलएमए, आय-जेल यांसारखी साधनं. त्यापुढे लॅरिंगोस्कोपने, म्हणजे दिवा लावलेल्या पात्याने, पाहून श्वासनलिकेत ट्यूब. आणि हे सगळंच फसलं तर गळ्याला पुढून छेद.

सरावाचं डोकं आतून अगदी साधं असतं. कडक कवटी, तिच्यावर व्हिनाइल किंवा सिलिकॉनची कातडी, बिजागरीवर हलणारा जबडा, पक्के बसवलेले दात, रबरी जीभ, तिच्यामागे स्वरयंत्रावरचं एपिग्लॉटिस नावाचं झाकण आणि रंगवलेले पांढरे स्वरतंतू. तिथून दोन नळ्या निघतात. पुढची श्वासनलिका, तिच्या टोकाला फुप्फुसांच्या दोन पिशव्या. मागची अन्ननलिका, तिच्या टोकाला पोटाची पिशवी. महागड्या मॉडेलमध्ये जीभ हवा भरून सुजवता येते, जबडा आखडवता येतो, स्वरतंतू मिटवता येतात, आणि दातांवर जोर पडला की टक्कन आवाज होतो.

यातलं पहिलं गाजलेलं मॅनिकिन १९६० चं. नॉर्वेतल्या स्टाव्हांगरचे खेळणी बनवणारे उद्योजक आस्मुंड लेर्डाल यांनी ‘रेससी अ‍ॅन’ बाजारात आणली. तोंडाने तोंडात श्वास देण्याची पद्धत पीटर सफर आणि इतर संशोधकांनी नुकतीच सिद्ध केली होती आणि ती लोकांना शिकवायला काहीतरी हवं होतं. त्या बाहुलीत ना मोटर होती, ना संगणक. पण डोकं मागे केल्याशिवाय तिची वाट उघडत नसे. एवढी एक गोष्ट खरी ठेवल्यामुळे ती पुढे कित्येक वर्षं शिकवत राहिली. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘सिम वन’ बनला. तो संगणकावर चाले, त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या होत, छाती हले, नाडी लागे. आणि तो होता शिकाऊ भूलतज्ज्ञांना ट्यूब टाकायला शिकवण्यासाठी. आजचे मोठे सिम्युलेटर हे त्याचेच वारस.

या वारसांचा घसा व्हिएन्नातल्या भूलतज्ज्ञांनी चक्क सीटी स्कॅनमध्ये घालून मोजला. त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. नावाजलेले सिम्युलेटर आणि सरावाची डोकी यांची मापं त्यांनी खऱ्या रुग्णांच्या स्कॅनशी ताडून पाहिली. घशातली मोकळी जागा पुतळ्यांमध्ये माणसांपेक्षा बरीच मोठी निघाली. आश्चर्य वाटायला नको. रबर साच्यातून सुटून निघालं पाहिजे आणि हजारो वेळा ट्यूब गेली तरी फाटता कामा नये. बेशुद्ध माणसाच्या घशात मात्र अशी तयार जागा जवळपास नसतेच. मऊ, ओल्या भिंती एकमेकींवर पडलेल्या असतात आणि जागा आपल्यालाच करून घ्यावी लागते. पुढच्या बहुतेक फरकांचं मूळ इथेच आहे.

मास्क आणि बॅग: सोपं वाटणारं अवघड काम

मास्कवर अंगठा आणि तर्जनी ‘सी’च्या आकारात, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडावर ‘ई’च्या आकारात. जबडा मास्कमध्ये ओढून घ्यायचा, मास्क चेहऱ्यावर दाबायचा नाही. बोटं हनुवटीखालच्या मऊ भागात रुतली की जीभ वर ढकलली जाते आणि वाट आणखी बंद होते. मॅनिकिनमध्ये ही चूक पकडली जात नाही, कारण हनुवटीखाली मऊ भागच नसतो. चेहरा टणक असल्याने मास्क वरून दाबला तरी चिकटून बसतो. खऱ्या वॉर्डात दाढी असते, कवळी काढल्यामुळे आत गेलेले गाल असतात, घामाने हात निसटतो. जबडा हलतच नसेल, तर दोन्ही हातांनी तो पुढे ओढण्याचा सराव त्या मॅनिकिनवर होऊच शकत नाही.

उलट, काही मॅनिकिन उगाच कठीण असतात. आतल्या पिशव्या किंवा छातीखालची स्प्रिंग इतकी ताठ असते की छाती वर यायला बॅग जोराने पिळावी लागते. इथे खरा धोका आहे. प्रौढाला ५०० ते ६०० मिलिलिटर हवा, साधारण एका सेकंदात, छाती जेमतेम उचललेली दिसेल इतकीच द्यायची असते. प्रौढांची बॅग दीड लिटरच्या आसपासची असते, म्हणजे ती पूर्ण पिळायची गरजच नसते. घशातला दाब २० सेंटिमीटर पाण्याच्या वर गेला की हवा पोटात शिरू लागते, पोट फुगतं, उलटी वर येते. ताठ मॅनिकिनवर शिकलेला हात रुग्णावरही तितकाच जोर लावतो. उपाय साधा: बॅग आणि मास्क यांच्यामध्ये दाब दाखवणारं मीटर बसवा आणि विद्यार्थ्याला छातीबरोबर काट्याकडेही पाहायला लावा. काही मॅनिकिनमध्ये पोटाची पिशवी फुगताना दिसते. ती दिसत असेल तर झाकून ठेवू नका. मास्कच्या सरावात त्या पुतळ्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट तीच आहे.

लॅरिंगोस्कोप: इथे रबर सर्वांत जास्त फसवतं

डाव्या हातात लॅरिंगोस्कोप. वक्र मॅकिंटॉश ब्लेड तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून आत घ्यायचं, जीभ डावीकडे सारत मध्यावर यायचं, आणि टोक जिभेचं मूळ व एपिग्लॉटिस यांच्यामधल्या खाचेत बसवायचं. मग हँडलच्या रेषेत, पुढे आणि वर उचलायचं. मनगट मागे वळवून दातांवर टेकू द्यायचा नाही. पुस्तकातला हा परिच्छेद मॅनिकिनवर जसाच्या तसा करता येतो. फक्त यातल्या प्रत्येक पायरीला शरीरात काहीतरी घडतं, आणि रबरात ते घडत नाही.

जिभेपासून सुरुवात करू. माणसाची जीभ ओली, जड आणि सरकणारी असते. नीट डावीकडे सारली नाही तर ती ब्लेडच्या उजव्या कडेवरून ओघळून समोर येते आणि सगळं दृश्य झाकून टाकते. शिकाऊंच्या सुरुवातीच्या अपयशांत हे नेहमीचं. मॅनिकिनची जीभ मात्र रबराचा एक घट्ट गोळा असते. ती ओघळत नाही. दाबली की स्प्रिंगसारखी परत उसळते. ब्लेड थेट मधून घातलं तरी स्वरतंतू दिसतात. म्हणजे जीभ सारण्याची पायरी गाळली तरी पुतळा तक्रार करत नाही.

पुढची गोष्ट खाचेची, आणि ती बारकाईने समजून घेण्यासारखी आहे. त्या खाचेच्या तळाशी एक अस्थिबंध असतो. तो एपिग्लॉटिसला जिभेखालच्या हायॉइड हाडाशी जोडतो. ब्लेडचं टोक मध्यावर, नेमकं या अस्थिबंधावर दाबलं गेलं की तो ताणला जातो आणि एपिग्लॉटिस आपोआप दार उघडावं तसं वर उचललं जातं. टोक थोडं अलीकडे राहिलं किंवा बाजूला सरकलं, तर कितीही ताकद लावा, झाकण खाली लोंबतच राहतं. एक-दोन मिलिमीटर पुढेमागे करून ‘आता उचललं गेलं’ हे हाताला कळणं, हीच लॅरिंगोस्कोपीतली खरी कला. नेहमीच्या मॅनिकिनमध्ये हा अस्थिबंध काम करत नाही. तिथे एपिग्लॉटिस वर येतं ते सगळं रबर एकत्र ओढल्यामुळे. म्हणून विद्यार्थी शिकतो ते जोर लावायला; टोक शोधायला शिकत नाही.

मानेचंही तसंच. मॅनिकिनची मान बहुधा माणसापेक्षा ताठ असते, डोकं उशीवर ठेवलं तरी हवी ती स्थिती टिकवत नाही, आणि उचलायला लागणारा जोर वाजवीपेक्षा जास्त असतो. रुग्णामध्ये डोक्याखाली उशी देऊन कानाचं भोक आणि छातीच्या हाडाची वरची खाच एका आडव्या पातळीत आणली की अर्धी लढाई जिंकलेली असते, विशेषतः लठ्ठ माणसात. पुतळ्यात उशीने फारसा फरक पडत नाही, म्हणून विद्यार्थी उशी द्यायलाच विसरतो. हे शिक्षकाने हट्टाने करून घ्यावं: उशी दिल्याशिवाय ब्लेड हातात द्यायचं नाही.

मग स्वरयंत्र. दृश्याची प्रतवारी कॉर्मॅक आणि लिहेन यांनी १९८४ मध्ये मांडली. पहिल्या श्रेणीत स्वरतंतूंची फट पूर्ण दिसते, दुसऱ्यात तिचा काही भाग, तिसऱ्यात फक्त एपिग्लॉटिस, चौथ्यात तेही नाही. सरावाचं डोकं बहुतेक वेळा पहिली श्रेणी दाखवतं, आणि तेही रोज तेच, तसंच. रुग्णात तंतू हलतात, मिटतात, फेसाळ लाळेने झाकलेले असतात. बाहेरून स्वरयंत्र थोडं मागे, वर आणि उजवीकडे दाबलं तर दृश्य सुधारतं. पुतळ्याचं स्वरयंत्र बाहेरून दाबून हलत नसेल तर या दाबाचा सराव निरर्थक आहे.

तिसऱ्या श्रेणीत हात देते ती बूजी, म्हणजे टोकाला किंचित वळलेली लांब लवचीक कांडी. एपिग्लॉटिसखालून ती अंदाजाने सरकवली आणि श्वासनलिकेत गेली की कूर्चेच्या कड्यांवरून जाताना हाताला खडखड जाणवते. आणखी आत गेली की २४ ते ४० सेंटिमीटरच्या दरम्यान कुठेतरी अडते; अन्ननलिकेत गेली तर अडत नाही. आता ती अडेपर्यंत ढकलू नये असंच सांगतात, कारण श्वासनलिकेला आणि फुप्फुसाला इजा होते. मॅनिकिनच्या नळीत कडी नीट घडवलेली नसतील तर खडखड येत नाही. आणि पुढे सरळ पिशवी असेल तर बूजी अडणारही नाही. बूजी शिकवायचं मॅनिकिन निवडताना ट्यूब आधी बाजूला ठेवा आणि नुसती बूजी घालून बोटांना काय कळतं ते पाहा.

घर्षणाबद्दल थोडं. कोरड्या रबरात कोरडी ट्यूब अडकते, म्हणून कंपन्या सिलिकॉनचा फवारा देतात. तो भरपूर मारला की ट्यूब लोण्यासारखी जाते, मारला नाही की स्वरतंतूंपाशी रुतते. दोन्ही खोटं. एकाच डोक्यावर सकाळी पहिला आलेला आणि दुपारी विसावा आलेला यांना वेगळ्याच घशाशी झगडावं लागतं. मॅनिकिनवर कुणाला किती सेकंद लागले याची स्पर्धा लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

ट्यूब गेली, पण कुठे?

प्रौढ स्त्रीला साधारण ७, पुरुषाला ७.५ किंवा ८ नंबरची ट्यूब. दातांपाशी खूण स्त्रीत २१, पुरुषात २३ सेंटिमीटरच्या आसपास. कफमधला, म्हणजे ट्यूबच्या टोकाजवळच्या हवेच्या फुग्यातला, दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याचा. हे आकडे मॅनिकिनवर शिकता येतात, पण मॅनिकिनच्या श्वासनलिकेची लांबी माणसासारखी असेलच असं नाही. २१ वर ठेवूनही ट्यूब उजव्या फुप्फुसाच्या नळीत जाऊ शकते, आणि चूक विद्यार्थ्याची ठरते.

जास्त गंभीर प्रश्न खात्रीचा आहे. ट्यूब अन्ननलिकेत गेली आणि ते कळलं नाही तर रुग्ण दगावतो. ब्रिटनमधल्या श्वासमार्गाच्या अपघातांचा मोठा लेखाजोखा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिदक्षता विभागातल्या अशा मृत्यूंपैकी ७० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत कॅप्नोग्राफ, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र, न वापरणं हे एक कारण होतं. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की ट्यूब टाकल्यावर या यंत्रावर दिसणाऱ्या लाटा किमान ७ श्वास टिकल्या पाहिजेत आणि त्यांची उंची मूळ रेषेपेक्षा निदान ७.५ मिलिमीटर पाऱ्याइतकी जास्त हवी.

मॅनिकिन कार्बन डायऑक्साइड सोडत नाही. वायूची नळकांडी जोडता येणारी काही मॉडेलं आहेत, पण बहुतेक लॅबमध्ये विद्यार्थी स्टेथोस्कोप लावतो, पिशव्या फुगल्याचा आवाज ऐकतो आणि ‘बायलॅटरल एअर एंट्री इक्वल’, म्हणजे दोन्हीकडे हवा सारखी जाते, असं म्हणून मोकळा होतो. ही सवय घातक आहे. जाड माणसात पोटातला आवाज छातीवरही ऐकू येतो. मॅनिकिन वायू सोडत नसेल तर शिक्षकाने टॅबलेटवर लाट दाखवावी किंवा तोंडी सांगावं, आणि मधूनच, ट्यूब बरोबर जागी असतानाही, ‘लाट नाही’ म्हणावं. विद्यार्थ्याने तिथे थांबून कारण शोधलं पाहिजे आणि जागेची खात्री पटत नसेल तर ट्यूब काढली पाहिजे. ही प्रतिक्षिप्त क्रिया घडवायला रबर खरं असण्याची गरजच नाही.

वेळेचंही असंच. पुतळा कधी निळा पडत नाही, म्हणून विद्यार्थी दोन-दोन मिनिटं आत डोकावत बसतो. भारतातल्या ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या सूचनांत प्रौढांसाठी जास्तीत जास्त तीन प्रयत्न, आणि तेही रक्तातलं प्राणवायूचं प्रमाण ९५ टक्के किंवा अधिक असेपर्यंतच, अशी मर्यादा आहे. लॅबमध्ये एकाने शेजारी उभं राहून ‘९९, ९८, ९६, ९४’ असं मोठ्याने वाचत जावं. ९४ ऐकल्यावर ब्लेड बाहेर, मास्क तोंडावर.

व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आणि एलएमए

यांच्याबाबत मॅनिकिन फाजील आशावादी असतं. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपमध्ये कॅमेऱ्यामुळे फट छान दिसते. अडचण येते ती ट्यूब वळवून तिथपर्यंत नेताना. जास्त वक्र ब्लेडला ट्यूबमध्ये तसाच वळलेला स्टायलेट (ट्यूबला आकार देणारी तार) हवा, आणि कॅमेरा फटीच्या अगदी जवळ न नेता थोडा मागे ठेवायचा, फट पडद्याच्या वरच्या अर्ध्यात दिसेल असा. प्रशस्त रबरी घशात हे न पाळताही ट्यूब जाते. शिवाय विद्यार्थी सतत पडद्याकडे पाहत ट्यूब आत ढकलतो. रुग्णात यानेच मऊ टाळूला भोक पडल्याच्या घटना आहेत. ट्यूबचं टोक जिभेमागे जाईपर्यंत नजर तोंडाकडे, मग पडद्याकडे. काच धुक्याने झाकली जाणं, लाळ चिकटणं हे पुतळ्यात होतच नाही.

एलएमए आणि आय-जेल एका मॅनिकिनमध्ये पहिल्या फटक्यात बसतात, दुसऱ्यात टाळूच्या वळणावर अडतात. तो साधनाचा गुण-दोष नसून त्या साच्याचा असतो. परिषदांमधल्या स्टॉलवर विक्रेता ‘बघा, तीन सेकंदांत’ म्हणतो तेव्हा डोकं कुठल्या कंपनीचं आहे तेही पाहावं. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीने २०११ मध्येच सांगितलं, की साधन विकत घेताना निदान काही पुरावा प्रत्यक्ष रुग्णांवरचा असावा. तरीही ‘अमुक साधन तमुकपेक्षा वेगवान’ असं सांगणारे मॅनिकिनवरचे अभ्यास निघतच असतात. ते वाचावेत, पण त्यांवरून टेंडर काढू नये.

जिथे मटणाचं दुकान मॅनिकिनला हरवतं

गळ्याला पुढून छेद देण्याची वेळ क्वचित येते, म्हणूनच तिचा सराव जास्त हवा. ब्रिटिश सोसायटीच्या २०१५ च्या पद्धतीत तीनच वस्तू लागतात: १० नंबरचं ब्लेड लावलेलं स्काल्पेल, बूजी आणि ६ नंबरची कफवाली ट्यूब. क्रिकोथायरॉइड पडदा, म्हणजे गळ्यात पुढे स्वरयंत्राच्या दोन कूर्चांमधला पडदा, बोटाने शोधायचा, आडवा छेद घ्यायचा, ब्लेडची धार रुग्णाच्या पायांकडे येईल असं ते ९० अंशांत फिरवायचं, त्याच्या कडेने बूजी आत सरकवायची आणि तिच्यावरून ट्यूब. पडदा हाताला लागत नसेल तर आधी मध्यरेषेवर ८ ते १० सेंटिमीटरचा उभा छेद घेऊन बोटांनी मांस बाजूला करायचं.

मॅनिकिनच्या गळ्यावर पडदा ठळकपणे हाताला लागतो, कातडी पातळ असते आणि रक्त येत नाही. आणखी एक अडचण: बदलायची कातडी आणि पडदे संपले की आधीच्या विद्यार्थ्याच्या छेदातूनच पुढचा ‘सराव’ करतो.

इथे बोकडाचं नरडं कामाला येतं. खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर स्वरयंत्रासकट अखंड श्वासनळी मिळते. ती त्याच दिवशी वापरायची. फळीवर टाचून, वर लाल रंगाच्या पाण्याची छोटी पिशवी आणि तिच्यावर फोमचा जाड थर किंवा कातडीचा तुकडा बसवला की छेद घेताच लाल पाणी सगळीकडे पसरतं आणि काही दिसेनासं होतं. नेमकं तेच शिकायचं असतं: न पाहता, बोटाने वाट धरून ठेवायला. माणसाच्या आणि बोकडाच्या स्वरयंत्राची मापं तंतोतंत जुळत नाहीत, पण ब्लेडखाली कूर्चा कशी लागते ते रबर कधीच सांगू शकणार नाही. हातमोजे आणि वेगळी हत्यारं वापरावीत. ती हत्यारं पुन्हा रुग्णांच्या ट्रेमध्ये जाता कामा नयेत.

स्वस्तात खरेपणा मिळवण्याचं आणखी एक उदाहरण क्रिकॉइडवरच्या, म्हणजे स्वरयंत्राच्या खालच्या कड्यासारख्या कूर्चेवरच्या, दाबाचं. अन्ननलिका मिटवण्यासाठी हा दाब देतात, आणि बेशुद्ध रुग्णात ३० न्यूटन, म्हणजे साधारण ३ किलोचा भार अपेक्षित असतो. हा भार मॅनिकिनची मान सांगत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा सांगतो: तीन बोटांनी दाबा आणि काटा ३ किलोवर धरून ठेवा.

उलटीसाठीही असंच डोकं चाललेलं आहे. अमेरिकेतले भूलतज्ज्ञ जेम्स डुकँटो यांनी सरावाच्या डोक्याच्या अन्ननलिकेला पंप जोडून ते ‘ओकणारं’ केलं. झँथन गमने घट्ट केलेलं रंगीत पाणी, वासाला व्हिनेगर. उलटी ओढून घेणारी जाड सक्शन नळी ब्लेडच्या पुढे ठेवून वाट साफ करत जायचं, मग ती डाव्या बाजूने अन्ननलिकेच्या तोंडाशी चालूच ठेवायची आणि ट्यूब टाकायची. हे घरगुती पद्धतीने करायचं तर फुप्फुसांच्या पिशव्या काढून नळ्यांची टोकं बादलीत सोडा. नाहीतर ते पाणी आत सडतं.

मग उपयोग होतो की नाही?

होतो, आणि मघाची यादी वाचून वाटतं त्यापेक्षा जास्त. कॅनडातला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ३६ शिकाऊ पॅरामेडिक घेतले. एका गटाला सिम्युलेटरवर १० तास शिकवलं, दुसऱ्याला ऑपरेशन थिएटरमध्ये १५ रुग्णांवर. नंतर प्रत्येकाची परीक्षा १५ खऱ्या रुग्णांवर झाली. सिम्युलेटरवाल्यांना ८७.८ टक्के यश मिळालं, थिएटरवाल्यांना ८४.८. फरक नाही म्हणावा इतकाच.

हे कसं? शिवणक्लासमध्ये पहिल्या दिवशी दोरा न ओवता कागदावर मशीन चालवायला देतात. कापडाची ओढ त्यात कळत नाही, पण पायाची लय आणि सरळ रेघ हातात बसते. ट्यूब टाकण्यातही असा मोठा भाग आहे: कोणतं सामान आधी जुळवायचं, लॅरिंगोस्कोपचा दिवा आणि ट्यूबचा कफ तपासायचा, सक्शन उजव्या हाताशी ठेवायचं, कोणता हात काय करतो, मदतनीसाला काय सांगायचं, फसलं तर पुढे काय. हे सगळं रबरावर पक्कं होतं. त्यापुढचं होत नाही. शिकाऊ भूलतज्ज्ञांवरच्या १९९८ च्या एका अभ्यासात ९० टक्के यशापर्यंत पोचायला सरासरी ५७ रुग्णांवर ट्यूब टाकावी लागली. ही संख्या कितीही महागडं मॅनिकिन पुसून टाकू शकत नाही. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात स्किल लॅबवर भर आला ही चांगलीच गोष्ट, पण लॅबमधली वही भरली म्हणजे हात तयार झाला असं कुणी समजू नये.

लॅबसाठी खरेदी करताना आमचं मत सरळ आहे: एका महागड्या पूर्ण पुतळ्याच्या पैशांत वेगवेगळ्या कंपन्यांची तीन-चार साधी डोकी घ्यावीत. एकच घसा पुन्हापुन्हा पाहिला की विद्यार्थी त्या घशाचा नकाशा पाठ करतो. वेगवेगळ्या डोक्यांवर फिरवलं, जीभ फुगवली, मानेला कॉलर लावली, गालांत ओलं कापड कोंबलं, की पाठ केलेलं चालत नाही. मोठा पुतळा सांघिक सरावासाठी ठेवावा. लहान मुलांसाठी वेगळं डोकं लागतंच. मोठं डोकं, तुलनेने मोठी जीभ आणि वर असलेलं स्वरयंत्र प्रौढ मॅनिकिनवर कल्पनेने शिकता येत नाही.

आणि जे आहे ते सांभाळावं. फवारा कंपनी सांगेल तोच. रुग्णांसाठी वापरतात ती जेली लावली तर ती वाळून चिकट थर बसतो. सरावाच्या ट्यूब, ब्लेड, बूजी यांवर ‘फक्त सराव’ असं ठळक लिहून वेगळ्या डब्यात ठेवा. मॅनिकिन वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई कातडीत कायमची उतरते. सत्र सुरू होण्याआधी शिक्षकाने स्वतः एकदा मास्क लावून दोन्ही फुप्फुसं फुगतात का, मान झुकवल्यावर वाट बंद होते का, स्वरतंतूंच्या कडा फाटलेल्या नाहीत ना, हे पाहून घ्यावं. पिशवीची क्लिप सुटलेली असते आणि विद्यार्थी अर्धा तास मास्क धरायची पद्धत बदलत बसतो.